आईच्या फोनमध्ये सापडला माझा यूएएन

ऐरोलीत नवी नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी एचआरने यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागितला. बारा आकडी नंबर, मला एकही आकडा आठवेना. "नसेल तर नवा काढू," ती म्हणाली. मी नको म्हटलं. माणूस एक तर यूएएन एकच हवा. दोन झाले की जुने पैसे वळते करताना डोकं उठतं.

महापेच्या जुन्या कंपनीत फोन केला. "मॅडम, मेल टाका." मेलला उत्तर आजतागायत नाही.

मग कपाट उपसलं. लाइट बिलांच्या पिशवीत २०१६ ची एक पगाराची स्लिप निघाली, घडीवर फाटायला आलेली. यूएएन त्यावर नव्हताच, पण पीएफचा मेंबर आयडी होता, टीएचव्हीएसएच या अक्षरांनी सुरू होणारा. व्हीएसएच म्हणजे वाशी.

पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर 'नो युवर यूएएन' उघडलं. मोबाइल नंबर, कॅप्चा, ओटीपी. ओटीपी येणार जुन्या नंबरवर, आणि ते सिम आईच्या फोनमध्ये! तिला कळव्याला फोन लावला. चष्मा शोधण्यात पहिला ओटीपी वाया गेला, दुसरा तिने खणखणीत वाचला.

पुढे नाव, जन्मतारीख, मेंबर आयडी भरला. माहिती जुळत नाही म्हणे. तीनदा. चौथ्यांदा लक्षात आलं, तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. माहेरचं आडनाव टाकलं आणि बारा आकडे समोर.

आता पीएफच्या नोंदीतलं नाव बदलायचा, जॉइंट डिक्लेरेशनचा अर्ज टाकलाय.