लेखापरीक्षण आणि कारखाना कायदा: पेपरआधी काय काय हाताशी हवं

वही उघडण्याआधी अभ्यासक्रमाची प्रत काढा आणि त्यात कारखान्यांचा कायदा कोणत्या नावाने छापलाय ते बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली. अभ्यासक्रम मात्र राजपत्राच्या वेगाने बदलत नाहीत. बी.कॉम. असो, सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा) इंटर असो की कामगार कायद्यांची पदविका, पेपरात जुना अधिनियम विचारणार की नवी संहिता, हे शिकवणाऱ्यांना विचारून मोकळे व्हा. तोवर वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे जुने आकडे, उजवीकडे नवे. दोन्ही माहीत असलेल्याचं काही बिघडत नाही, दोन्हींची सरमिसळ करणाऱ्याचे गुण जातात.

कारखाना कशाला म्हणायचं, ते पहिल्यांदा पक्कं करा, कारण पुढचं बरंचसं कामगारसंख्येवर ठरतं. जुन्या अधिनियमात यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या जागेत १० कामगार आणि शक्ती न वापरणाऱ्या जागेत २० कामगार असले की कारखाना झाला. संहितेत हे आकडे २० आणि ४० आहेत. महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने ते संहितेआधीच तेवढे करून घेतले होते, म्हणून आपल्याकडच्या जुन्या मार्गदर्शकांत दोन्ही आकडे सापडतात आणि मुलं गोंधळतात. व्याख्येतली सहज निसटणारी गोष्ट म्हणजे ‘मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी’ हे शब्द. आज आठच माणसं कामावर आहेत म्हणून सुटका होत नाही. कंत्राटदारामार्फत आलेले कामगारही मोजायचे.

मग कल्याणकारी सोयींचे आकडे. प्रथमोपचार पेटी जुन्या अधिनियमात दर १५० कामगारांमागे एक. विश्रांतीची खोली आधी १५० पेक्षा जास्त कामगारांना, आता ५० पेक्षा जास्त. कॅन्टीन आधी २५० पेक्षा जास्त असतील तर, आता १०० किंवा अधिक, कंत्राटी धरून. कल्याण अधिकारी ५०० वरून २५० वर, सुरक्षा अधिकारी १,००० वरून ५०० वर आला; धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वरच. पाळणाघराजवळ मात्र थांबा. जुन्या कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर. संहितेत ५० पेक्षा जास्त कामगार, मग त्यात बायका किती हे मोजायचंच नाही. मूल सांभाळणं ही फक्त आईची जबाबदारी नव्हे, हे कायद्याने मोजणीची पद्धत बदलून मान्य केलं. तुलनात्मक प्रश्न विचारायचा झाला तर मी इथेच विचारला असता.

कामाचे तास पाठ करू नका, उदाहरणं सोडवा. जुन्या अधिनियमात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. विश्रांतीसकट एकूण पसारा साडेदहा तास. संहितेत दिवसाचे ८, आठवड्याचे ४८ च. जादा कामाला दोन्हीकडे दुप्पट दर. आता जुन्या कायद्याचं एक उदाहरण मांडा: कामगाराने सोमवारी १० तास काम केलं, मंगळवार ते शनिवार रोज ७. आठवड्याची बेरीज ४५, म्हणजे ४८ च्या आतच. तरी सोमवारचा एक तास जादाच, कारण दिवसाची आणि आठवड्याची मर्यादा वेगवेगळी तपासायची असते. ‘आठवड्यात बसतंय ना’ असं उत्तर पेपरात चुकतं, आणि कारखान्यात तेच उत्तर दिलं तर कामगाराचे पैसे बुडतात. जुन्या कायद्याने दर काढताना मूळ पगार आणि भत्ते धरा; बोनस आणि आधीचा ओव्हरटाइम धरू नका.

भरपगारी रजेचा सापळाही असाच. जुन्या कायद्यात पात्रतेला वर्षात २४० दिवस काम लागायचं, संहितेत १८० पुरतात. प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस रजा, हे दोन्हीकडे सारखं. समजा कामगाराने प्रत्यक्ष २२० दिवस काम केलं आणि २५ दिवस ले-ऑफ (मालकाकडे काम नसल्याने तात्पुरतं बसवून ठेवणं) होता. २४० च्या पात्रतेसाठी ले-ऑफचे दिवस धरले जातात, म्हणून तो २४५ वर जाऊन पात्र ठरतो. पण ले-ऑफच्या दिवसांवर रजा साठत नाही, म्हणून भागाकार २२० चा करायचा आणि उत्तर ११. हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

सुरक्षेच्या प्रकरणात कलमांची माळ जपण्यापेक्षा १९८७ ची दुरुस्ती नीट समजून घ्या. डिसेंबर १९८४ ची भोपाळची वायुगळती तिच्यामागे आहे. धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण, भोगवटादाराची (म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याची) सर्वसाधारण कर्तव्यं आणि कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक जण भोगवटादार मानला जाईल ही तरतूद, सगळं तिथून आलं. एखाद्या मॅनेजरला कागदोपत्री भोगवटादार करून संचालकांनी हात झटकायचे, हा मार्ग तिने बंद केला. सर्वोच्च न्यायालयानेही जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ मध्ये ती तरतूद वैध ठरवली. यंत्राभोवतीचं कुंपण, पिण्याचं पाणी, स्वच्छता, उजेड ही कलमं वाचून पुढे सरका. त्यांत समजायला अवघड काही नाही.

इतिहासाचा प्रश्न पाच गुणांचा असतो, पण आपल्या माणसांना तो सोपा जायला हवा. पहिला कारखाना कायदा १८८१ चा; शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरता, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये ही त्याची मुख्य तरतूद. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे साप्ताहिक सुटी मागत राहिले आणि १० जून १८९० ला रविवारची सुटी मिळाली. पुढे १८९१, १९११, १९२२, १९३४ आणि १९४८ अशी रांग लावा. १९४८ चा अधिनियम प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल १९४९ ला, ही तारीख वेगळी लिहून ठेवा.

आता लेखापरीक्षण. व्याख्या, उद्दिष्टं, चुका आणि अफरातफर यांतला फरक हे एका संध्याकाळचं काम. व्हाउचिंग, पडताळणी आणि मूल्यांकन यांत घोटाळा होतो तो मात्र मिटवा: व्हाउचिंग नोंदीमागचा पुरावा बघतं, पडताळणी मालमत्ता खरोखर आहे का आणि धंद्याच्याच मालकीची आहे का ते बघते, आणि मूल्यांकन ती किती किमतीला दाखवलीय ते. अंतर्गत तपासणी आणि अंतर्गत लेखापरीक्षण हेही वेगळे. पहिल्यात एकाचं काम आपसूक दुसऱ्याच्या हाताखालून जातं, दुसऱ्यात काम झाल्यावर कोणीतरी येऊन बघतं.

लेखापरीक्षणाची मानकं (एसए) सगळी पाठ करायची गरज नाही. एसए २०० उद्दिष्टांचं, २३० कागदपत्रांचं, २४० अफरातफरीचं, ३१५ जोखमीचं, ३२० महत्त्वाच्या मर्यादेचं (मटेरिअ‍ॅलिटी), ५०० पुराव्याचं, ५०५ बाहेरच्या खातरजमेचं, ५३० नमुना तपासणीचं, ५७० धंदा चालू राहण्याचं, आणि ७०० ते ७०६ अहवालाची. एवढ्यावर बहुतेक प्रश्न निघतात. कंपनी कायदा २०१३ मधून १३९ ते १४४ ही कलमं सलग वाचा. पहिला लेखापरीक्षक संचालक मंडळ नोंदणीपासून ३० दिवसांत नेमतं. त्याने नेमला नाही तर सभासद ९० दिवसांत.

दोन प्रकरणं मात्र नावासकट आणि तपशिलासकट हवीत. १८९६ चं किंग्स्टन कॉटन मिलचं: व्यवस्थापकाने गिरणीतला साठा फुगवून दाखवला, लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला, आणि न्यायमूर्ती लोप्स यांनी लेखापरीक्षक राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं म्हणून त्यांना सोडलं. हे वाक्य सगळे लिहितात. त्यापुढे फार थोडे लिहितात की एसए ५०१ मुळे आज साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी लेखापरीक्षकाने शक्य तिथे स्वतः हजर राहायचं असतं. नुसता दाखला पुरत नाही. दुसरं सत्यम या संगणक कंपनीचं. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. एसए ५०५ लिहिताना हेच उदाहरण द्या: बँकेकडून थेट आलेलं पत्र आणि कंपनीने हातात ठेवलेलं पत्र यांचं वजन सारखं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो वेतनाच्या लेखापरीक्षणाला, कारण दोन्ही पेपर तिथे एकाच टेबलावर येतात. हा कार्यक्रम स्वतःच्या शब्दांत एकदा पूर्ण लिहून काढा. हजेरीपट घ्या आणि गेटवरच्या पंचिंगशी ताडून बघा. पगारपत्रकातली काही नावं निवडा आणि त्यांची नेमणूकपत्रं मागा. संहितेने नेमणूकपत्र सक्तीचं केलंय, तेव्हा ‘आमच्याकडे पद्धत नाही’ हे उत्तर चालणार नाही. मग उलटं जा: शॉप फ्लोअरवर दिसलेली माणसं पत्रकात आहेत का? पहिल्या दिशेने बोगस कामगार सापडतात, दुसऱ्या दिशेने नोंदच न केलेले. नोकरी सोडून गेलेल्यांचा पगार पुढच्या महिन्यांत निघाला का, एकाच बँक खात्यात दोन नावांचे पैसे जातात का, हजेरी लिहिणारा, पत्रक तयार करणारा आणि पैसे वाटणारा एकच माणूस आहे का, हेही लिहा. ओव्हरटाइमच्या नोंदीवर सुपरवायझरची सही आणि दुप्पट दर, दोन्ही तपासायचे. न वाटलेला पगार कुठे जमा होतो, तेही विचारा.

शेवटी भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा. पगारातून कापलेली रक्कम वेळेवर भरली का, हे कारो २०२० (कंपनी लेखापरीक्षकाच्या अहवालाबद्दलचा सरकारी आदेश) च्या खंड ३(७) मध्ये लेखापरीक्षकाला सांगावं लागतं. वाद नसलेली देणी भरण्याच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त थकली असतील तर रकमेसकट अहवालात येतात. सहा महिने तारखेपासून मोजायचे आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी थकलेल्या रकमेबद्दल लिहायचं. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचं उदाहरण घ्या, ऑगस्टच्या पगारातला निधी १५ सप्टेंबरपर्यंत भरायचा होता असं धरा, आणि तो अहवालात येईल की नाही हे कागदावर सोडवून ठेवा. येतो. सप्टेंबरच्या पगाराचा येत नाही, कारण त्याची मुदत १५ ऑक्टोबरची.