उकड जमते? मग दिजोंला गुजेर शिका

फ्रान्समध्ये फिरताना स्वयंपाकाचा क्लास करायचा असेल, तर तो सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा. बाजारात काय मागायचं, कसं मागायचं हे कळलं की पुढचे सगळे दिवस सोपे जातात. पॅरिसमधल्या मॅकरॉनच्या क्लासचा मला मोह झाला होता, पण घरच्या ओटीजीत ते कितीदा होणार? म्हणून दिजों गाठलं. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दीड-दोन तास. हा बरगंडी प्रांत, आणि गुजेर, म्हणजे चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत गोळे, इथलेच.

बाजारफेरी असलेला क्लास घ्या, पण वार बघून. दिजोंचा ले हाल हा लोखंडी छताचा बाजार मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळी भरतो. शिरल्याशिरल्या ‘बोंझूर’ म्हणायचं आणि भाजी चिवडायची नाही. विक्रेताच निवडून देतो. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या माझ्या हाताला हे फार जड गेलं.

बुकिंग करतानाच खाण्यापिण्याचं लेखी कळवा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा स्टॉक नाही, लार्दों (डुकराच्या मांसाचे बारके तुकडे) नाहीत, अंडं चालतं का, वाइन चालते का, एकेक लिहा. शिवाय गुजेरमध्ये घातलेल्या काँते चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं. मी खाल्लं, ह्यांनी नाही.

आम्ही आठजण होतो. अशा गटात एकजण ढवळतो आणि बाकीचे फोटो काढतात. तुम्ही ढवळणाऱ्यात राहा. गुजेरसाठीचं शू पेस्ट्रीचं पीठ पुढ्यात आलं आणि मी गालात हसले, कारण ती उकडच की! पाव लिटर पाणी, १०० ग्रॅम लोणी, मीठ. उकळी आली की भांडं उतरवून १५० ग्रॅम मैदा एकदम घालायचा आणि घोटायचं. गोळा झाला तशी मी सवयीने झाकण शोधायला लागले. शिकवणाऱ्या बाईंनी हात धरला. उकडीला वाफ द्यायची, इथे उलट वाफ घालवायची. मंद आचेवर मिनिटभर परता, तळाला पातळ पापुद्रा धरला की उतरवा. जरा निवल्यावर चार अंडी एकेक करून. घाई केली तर अंड्याची भुर्जी होते. आमच्या शेजारच्या जोडप्याची झाली. चौथं अंडं फेटून थोडं थोडं घाला. उलथन्यावरून पीठ त्रिकोणी जिभेसारखं लोंबलं की थांबा. मग किसलेलं चीज, साधारण १०० ग्रॅम.

हे सगळं वजनकाट्यावर. ‘अंदाजे’ म्हणाल तर बाई काटा पुढे सरकवतात.

ओव्हन १८० अंशांवर, २५ मिनिटं. वीस मिनिटं तरी दार उघडायचं नाही. मी बाराव्या मिनिटाला उघडलं. आतल्या वाफेवरच ते फुगतात. माझे गोळे बसले ते बसलेच, भाकरी न फुगल्यासारखे.

सकाळी नाश्ता हलका करा, केलेलं सगळं तिथेच खायचं असतं. उरलं तर न्यायला एक डबा जवळ ठेवा. आणि पाककृतीचा कागद मिळाला तरी बाईंच्या हाताच्या हालचाली वहीत आपल्या शब्दांत उतरवा. माझ्या वहीत लिहिलंय: ‘झाकण नाही!!’