खानदेशातल्या छोट्या फॅन मेळाव्याला कसं जावं

कॉमिक्स, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), गेम्स आणि कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करणं, यांच्या आवडीतून आपल्या भागात जे छोटे मेळावे भरतात, त्यांचा थाट साधा असतो. कॉलेजचा नाहीतर क्लासचा एखादा हॉल, भिंतीला लावलेली पाच-सात टेबलं, एक प्रोजेक्टर आणि पन्नास-साठ माणसं. मुंबईच्या कॉमिक कॉनचे, म्हणजे मोठ्या फॅन मेळाव्याचे, व्हिडिओ बघून आलेला मुलगा अर्ध्या तासात सगळी टेबलं फिरतो आणि ‘एवढंच?’ म्हणून निघून जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ज्यासाठी यायचं असतं ते त्याच्या हाती लागलेलंच नसतं. मोठ्या कॉनमध्ये नुसतं बघत फिरलं तरी दिवस जातो. इथे बघण्यासारखं थोडंच असतं. तुम्ही स्वतःचं काहीतरी घेऊन आलात, बसलात, चार माणसांशी बोललात, तरच येण्याचं सार्थक होतं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

मेळावा लहान आहे म्हणून संकोच करू नका. तोक्योच्या ज्या ‘कॉमिकेट’ मेळाव्याला आज लाखोंची गर्दी होते, ते डिसेंबर १९७५ मध्ये पहिल्यांदा भरलं तेव्हा स्वतःची कॉमिक्स मांडणारे ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनची पहिली भेट मार्च १९७० मध्ये एका हॉटेलात, एकाच दिवसाची झाली, तीसुद्धा ऑगस्टमधल्या तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी पैसे जमवायला.

आधी चौकशी

बातमी बहुतेक इन्स्टाग्रामवरच कळते, नाहीतर कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पोस्टर दिसल्यावर लगेच पैसे भरू नका. आयोजक कोण आहे, हॉल खरंच ठरलाय का, किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, स्वच्छतागृहाची सोय काय, हे फोन करून विचारा. नीट आयोजन करणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही. तो कंटाळला किंवा उत्तरं टाळू लागला, तर नाव नोंदवण्याची घाई नको.

तारखेकडेही बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत कूलर नसलेल्या हॉलमध्ये, अंगावर फोमचं चिलखत घालून, दुपार काढणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यातल्या मेळाव्याला गेलातच तर साध्या सुती कपड्यांत जा.

जाण्या-येण्याचं गणित

परतीची गाडी आधी ठरवा, मग जाण्याची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यातल्या लोकांना सुरत-भुसावळ मार्गामुळे जळगाव सोपं पडतं. भुसावळहून तर अर्ध्या तासाचं काम. धुळेकरांना मात्र रेल्वे चाळीसगावच्या बाजूने असल्यामुळे जळगावसाठी पारोळा-एरंडोल मार्गे एसटीच बरी. अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींच्या गटाला हा प्रवास बराच स्वस्त पडतो. शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या. मेळाव्यात गप्पा रंगात येतात त्या साडेचार-पाचला, आणि नेमकी तेव्हाच गाडीची काळजी सुरू झाली तर मन लागत नाही.

सोबत काय न्यायचं

एक वस्तू अशी न्या, जिच्याबद्दल तुम्ही पंधरा मिनिटं बोलू शकाल. विकत घेतलेलीच असावी असं काही नाही. वहीत काढलेली चित्रं पारदर्शक खिसे असलेल्या फाइलमध्ये लावून आणलीत तरी टेबलाभोवती माणसं जमतात. चित्र लोकांच्या हातात फिरलं तरी त्याला डाग लागत नाही, आणि पानं उलटताना बघणारा आपोआप विचारतो, ‘हे कशाने रंगवलंस?’ ओळख तिथूनच सुरू होते. कुणी मॉडेल किट जोडून आणतं, कुणी स्वतः बनवलेला गेम लॅपटॉपवर. घरी छापलेले दहा-वीस स्टिकर खिशात असले की ओळख झालेल्या माणसाला देता येतात.

जुनी कॉमिक्स असतील तर जरूर आणा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघाली आणि तिचे मराठी अंकही होते. त्यातल्या वेताळाच्या (इंग्रजीतला फँटम) गोष्टींवर वाढलेले साठीतले लोक खानदेशात गावोगावी आहेत. असा एखादा गृहस्थ पिशवीत अंक घेऊन आला, तर हॉलमधल्या पोरांनी त्याच्याजवळ बसलंच पाहिजे. अंक दाखवताना एक काळजी घ्या: प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि तो स्वतःच उघडून दाखवा. जुन्या पिना गंजलेल्या असतात. अंक सपाट उघडायला गेलं की मधलं पान पिनेपाशी फाटतं. पाकिटात घालण्याआधी पानांत कसर (कागद खाणारी कीड) नाही ना, हेही बघून घ्या.

सुट्टे पैसे जवळ ठेवा. हॉलमध्ये गर्दी झाली की मोबाइलची रेंज जाते आणि यूपीआय अडकतं. पाण्याची मोठी बाटली आणि डबा घरूनच न्या, कारण अशा ठिकाणी कँटीन असेलच असं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत सोयीची: सांडत नाहीत, संध्याकाळपर्यंत टिकतात, आणि चार जणांत वाटता येतात. खाऊन झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय कुणाच्याही पुस्तकाला हात लावू नका.

वेष करायचा असेल तर

वेष केलाच पाहिजे असं बंधन नाही. पण करायचा असेल, तर पहिल्या वेळी घरातल्या कपड्यांतून होईल असं पात्र निवडा. एक कोट, एक स्कार्फ, केसांची विशिष्ट ठेवण, एवढ्यावरही पात्र ओळखू येतं. शिवून घ्यायचं असेल तर शिंप्याला समोरून, मागून आणि बाजूने असे तीन फोटो द्या आणि महिनाभर आधी द्या. दिवाळी किंवा लग्नसराईत तो तुमचं काम बाजूला ठेवणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

चिलखत, शिरस्त्राण, ढाल असलं काही बनवायला ईव्हीए नावाचा मऊ, हलका फोम वापरतात. नक्षीला २ मिलीमीटरची शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते. जाड भागासाठी लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट कापून चालतात. कापताना कटरचं पातं नवं घ्या आणि एका दमात ओढा. बोथट पात्याने कड कुरतडल्यासारखी होते आणि मग कितीही घासली तरी ती लपत नाही.

चिकटवण्याकडे मात्र इथे विशेष लक्ष द्यावं लागतं. परगावच्या व्हिडिओत ग्लू गन (गोंदाची कांडी वितळवणारं यंत्र) वापरताना दिसतात, पण तो गोंद उष्णतेने मऊ होतो. उन्हात उभ्या गाडीत चिलखत ठेवलं की सांधे सुटायला लागतात. सनमायका बसवायला वापरतात तो काँटॅक्ट गोंद, किंवा चपला सांधणारे वापरतात ते सोल्युशन, आपल्या हवेत जास्त भरवशाचं. दोन्ही कडांना पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबा, मग कड कडेवर टेकवून घट्ट दाबा. टेकवल्यावर सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनाने खुणा करून ठेवा. हे काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवून करा. त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पेटही पटकन घेतो. रंग देण्याआधी पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून त्याचे दोन-तीन हात मारा, म्हणजे फोम रंग पिणार नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसेल. वर ॲक्रिलिक रंग.

तलवार, भाला, बंदूक फोमचीच हवी. खरं पातं, लोखंडी गज, खरी दिसणारी बंदूक यांना हॉलमध्ये जागा नाही, आणि स्टेशनवर तर पोलीस थांबवणारच. फोमचं हत्यारही प्रवासात चादरीत गुंडाळून न्या. विग आणि चिलखत हॉलवर पोचल्यावरच चढवा. मोटारसायकलवर मागे बसून ढाल धरलीत तर हायवेवरच्या ट्रकच्या वाऱ्याने तोल जाऊ शकतो. विगखाली सुती टोपी घाला, दर तासाला विग काढून पाच मिनिटं पंख्याखाली बसा, आणि तहान लागण्याची वाट न बघता पाणी किंवा लिंबू सरबत घेत राहा. रंगीत काँटॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका आणि एकमेकांच्या तर कधीच नाही.

रस्त्यात कुणीतरी थांबवून विचारणारच, ‘हाई काय शे रे भाऊ?’ नीट उत्तर द्या. पात्राचं नाव सांगा, गोष्ट दोन वाक्यांत सांगा, फोमला हात लावू द्या. वेष धारण करणं आपल्या भागाला काही नवीन नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत बुध्या आणि बावा होणारे लोक मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. पण त्यांचा वेष हा नेम-व्रत पाळून घेतलेला असतो. तो हौस म्हणून मेळाव्यात कुणी घालू नये. देवदेवतांच्या आणि कुठल्याही समाजाच्या श्रद्धेच्या वेषाबाबत माझं हेच मत आहे.

हॉलमध्ये गेल्यावर

वेळेच्या थोडं आधी पोचा आणि आयोजकाला विचारा, ‘काही काम आहे का?’ बुजऱ्या माणसाला याच्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. खुर्च्या मांडताना, बॅनर बांधताना चार नावं कळतात, आणि दिवसभर तुम्ही परके राहत नाही.

टेबलामागे बसलेला चित्रकार बहुतेक वेळा कॉलेजातलाच मुलगा किंवा मुलगी असते. छपाईचे पैसे त्यांनी खिशातून घातलेले असतात. तिथे भाजीबाजारासारखी घासाघीस करू नका. घ्यायचं नसेल तरी कोणतं चित्र आवडलं आणि का, ते सांगा; त्यांना ते ऐकायचं असतं. खरेदी करायची झाली तर स्वतः काढणाऱ्याकडून करा. नेटवरून दुसऱ्याचं चित्र उतरवून छापलेले पोस्टर घेतलेत तर मूळ चित्रकाराला काहीच मिळत नाही.

फोटो काढण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी. वेष केलाय म्हणजे फोटोला परवानगी दिली असं होत नाही. इंटरनेटवर टाकायचा असेल तर ते वेगळं विचारा, आणि लहान मूल असेल तर आई-वडिलांना विचारा. वेषाला, विगला, हत्याराला हात लावायचा तरी विचारूनच.

एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. ‘खरा फॅन असशील तर सांग बरं, अमक्याचं नाव काय?’ अशी तोंडी परीक्षा कुणाची घेऊ नका. ती बहुतेक वेळा मुलींचीच घेतली जाते, आणि साठ माणसांच्या हॉलमध्ये एकीला असं कोपऱ्यात गाठलं की पुढच्या वेळी ती येत नाही, तिच्या मैत्रिणीही येत नाहीत. समोर असं चाललेलं दिसलं तर मध्ये पडा, विषय बदला, आयोजकाला सांगा. कुणाला कमी माहीत असेल तर ती तुमच्यासाठी आवडीची गोष्ट पहिल्यापासून सांगण्याची संधी आहे. फक्त शेवट फोडू नका.

घरच्यांचा विरोध असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा आईला किंवा वडिलांना दहा मिनिटं हॉलवर घेऊन या. पोरं चित्रं काढतायत, कुणी शिवणकाम दाखवतंय, मधल्या टेबलावर बोर्ड गेम चाललाय, हे डोळ्यांनी बघितलं की बरीचशी काळजी मिटते. मुलींनी पहिल्या वेळी मैत्रिणीबरोबर जावं, मोबाइलवरून लोकेशन घरी पाठवून ठेवावं, आणि नव्या ओळखीच्या कुणाबरोबरही मेळाव्यानंतर एकटं दुसरीकडे जाऊ नये.

परत आल्यावर

काढलेले फोटो त्याच रात्री ज्याचे त्याला पाठवा. भेटलेल्या माणसांची नावं आणि कशावर बोलणं झालं ते वहीत टिपून ठेवा. दोन महिन्यांनी तोच धागा पकडून बोलता येतं. कुणी पुस्तक वाचायला दिलं असेल तर परत कधी देणार ते सांगा आणि तसं करा. छोट्या गावात दिलेला शब्द पाळणारा माणूस लवकर ओळखला जातो, न पाळणारा त्याहून लवकर.

आयोजकाला खर्चाबद्दल जरूर विचारा. हॉलचं भाडं, बॅनर आणि साउंड यांतच जमलेली वर्गणी संपलेली असते. पुढच्या वेळी एखादं टेबल तुम्ही सांभाळा: फोम कापायला शिकवा, चित्रकलेचा तास घ्या किंवा जुन्या अंकांचं प्रदर्शन मांडा. तुमच्या तालुक्याला मेळावाच होत नसेल तर वाचनालयाकडे रविवारची एक खोली मागून बघा. सुरुवातीला आठ-दहा जण पुरतात. आणि तारीख पक्की करण्याआधी बारावीच्या परीक्षेचं वेळापत्रक आणि लग्नाच्या तिथी दोन्ही तपासा, म्हणजे पोरंही येतील आणि हॉलही मिळेल.