सॅन हुआन नदीकाठी वस्ती करायची, तर काय काय बरोबर असावे

अमेरिकेतील आग्नेय युटामधील, सॅन हुआन नदीकाठचे ब्लफ हे गाव ६ एप्रिल १८८० रोजी वसले. ते वसवणाऱ्या मॉर्मन (एका अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबांना वाटेत आणि मुक्कामी ज्या गोष्टी लागल्या, त्यांवरून ही यादी केली आहे, आणि त्यांच्याजवळ जे नव्हते तेही तीत धरले आहे.

पहिली तयारी माणसांची. मॉर्मन चर्चने नावे काढून बोलावणे धाडल्यामुळे पॅरोवान, सीडर सिटी आदी गावांतून सुमारे २५० माणसे आणि ८३ गाड्या जमल्या. पण नुसती संख्या पुरत नाही, लोहार, सुतार आणि खडक फोडता येणारे हात मोजून घ्यावे लागतात. वेल्सच्या कोळसा खाणींत राबलेले पर्किन्स बंधू सोबत नसते, तर गाड्या कोलोरॅडो नदीपर्यंत उतरल्या असत्या का, याची मला शंकाच आहे.

शिध्यासाठी १८४५ साली मॉर्मनांनी इलिनॉयमधले आपले नावू शहर सोडण्याच्या तयारीत पाच माणसांच्या कुटुंबाकरिता छापलेली जुनी यादी अजूनही उपयोगी पडते: एक मजबूत छपराची गाडी, बैलांच्या तीन जोड्या, दुभत्या गाई, हजार पौंड पीठ, पंचवीस पौंड मीठ, पेरणीचे बियाणे, शेतीची अवजारे आणि चक्क डझनभर जायफळे. मात्र ब्लफच्या मंडळींनी सहा आठवड्यांचा हिशेब धरला आणि प्रवास सहा महिने चालला, म्हणून धान्य ठरवताना अंदाजापेक्षा बरेच अधिक घ्यावे आणि गुरांच्या चाऱ्याची सोय वाटेत होईल असे गृहीत धरू नये.

वाटेची पाहणी हा यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग होय. १८७९ च्या उन्हाळ्यात पाहणी करणारी तुकडी दक्षिणेकडून लांबच्या वाटेने सॅन हुआन नदीवर पोहोचली होती. मुख्य तांडा मात्र जवळची म्हणून जी वाट धरून निघाला, ती कोणी गाडीने ओलांडलेली नव्हती. पुढे कोलोरॅडो नदीकडे उतरणाऱ्या कड्यातली एक अरुंद फट रुंद करण्यात हिवाळ्याचे कित्येक आठवडे गेले. तेव्हा घण, छिन्न्या, पहारी, दोर, साखळ्या आणि मुख्य म्हणजे सुरुंगाची दारू निघतानाच भरपूर घ्यावी, कारण ती अर्ध्या वाटेत संपली की माणूस पाठवून मागवावी लागते. एके ठिकाणी तर उभ्या खडकाला ओळीने भोके पाडून त्यांत ओकच्या मेखा ठोकल्या आणि त्यांवर झाडोरा नि दगड रचून गाडीच्या एका बाजूच्या चाकांना आधार केला. उतरताना चाके साखळीने जखडून माणसांनी मागून दोर धरून ठेवले; २६ जानेवारी १८८० पासून गाड्या अशा खाली गेल्या आणि सगळ्या प्रवासात एकही माणूस दगावला नाही.

मुक्कामी पोहोचताच जमीन मोजून द्यावी लागते, त्यासाठी मोजणीदार हवा. ठरलेले ठिकाण, माँटेझुमा क्रीक, आणखी काही मैल पुढे होते, पण दमलेल्या लोकांनी ब्लफलाच थांबून चिठ्ठ्या टाकून भूखंड वाटून घेतले; जमीन सर्वांना पुरेशी नव्हती, त्यामुळे कुरबुरी झाल्याच. हा मुलूख रिकामा नसून नावाहो, यूट आणि पायूट लोकांचा होता, म्हणून त्यांच्या भाषा जाणणारा दुभाष्या पहिल्या दिवसापासून हवा. पुढे ते काम थेल्स हॅस्केल यांनी केले.

राहता राहिले पाणी, आणि खरी कसोटी तिथेच होती. सॅन हुआन गाळाने भरलेली आणि पुराची नदी आहे. तिच्यावर लाकूड-दगडांचे बंधारे घातले की पूर ते नेई, पाटात गाळ भरे, आणि १८८४ च्या पुराने तर मोठेच नुकसान केले. म्हणून पाट एकदा खणला की काम संपले असे न मानता दर वसंतात प्रत्येक घरामागे किती माणसांनी किती दिवस गाळ काढायचा, हे आधीच लिहून ठरवावे. ब्लफच्या लोकांनी पुढे शेतीपेक्षा गुरांवर भर दिला. तेव्हा बियाण्याच्या पोत्यांबरोबर चांगली पैदाशीची जनावरेही सुरुवातीपासूनच यादीत असावीत.