सकाळी गाडीचा एक कोपरा खाली बसलेला दिसला तर

गोव्यात साखळी गावी माझं गॅरेज आहे. चोर्ला घाट उतरून आलेल्या गाड्या बऱ्याचदा आधी माझ्याकडेच थांबतात. हल्ली त्यांत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनवाल्याही असतात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "शॉकॲब्सॉर्बर गेला?" माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो ठीकच असतो, म्हणून महागाचा भाग मागवण्याआधी हे वाचा.

साध्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये पिस्टन तेलातून खालीवर होतो आणि तेल ठरलेल्या मापाच्या भोकांतून जातं. इलेक्ट्रॉनिक प्रकारात तेलाच्या वाटेवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. वाट अरुंद झाली की शॉक कडक, रुंद झाली की मऊ. आणखी एका प्रकारात तेलातच लोखंडाचे अतिबारीक कण असतात. पिस्टनमधल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, करंट दिला की चुंबकत्वाने ते रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं. हा प्रकार 2002 साली कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत पहिल्यांदा आला.

कधी कडक व्हायचं हे कंप्युटर ठरवतो. खड्ड्यात चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थडथडतं, तर बॉडी सेकंदाला एक-दीड वेळाच डुलते. दोन्ही हालचाली सेन्सरांवरून वेगळ्या ओळखून तो दर क्षणी हिशेब करतो. स्टीअरिंग आणि ब्रेकचीही खबर त्याला असते, म्हणून घाटातल्या वळणावर गाडी कलायच्या आत शॉक आवळले जातात. पण सेन्सरने चुकीचं सांगितलं तर तो चुकीचंच करणार.

म्हणून पहिली नजर हाइट सेन्सरवर, म्हणजे गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरवर टाका. लोअर आर्मपासून (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्यापासून) सेन्सरपर्यंत बोटाएवढी एक दांडी जाते, तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ते गंजून जाम होतात, मग दांडी तुटते. टॉर्च घेऊन चारही चाकांजवळ बघा, कनेक्टर काढून आत हिरवट गंज चढला आहे का तेही पाहा.

एअर सस्पेन्शन असेल, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी बॅगा असतील, तर मोजायची टेप घ्या. रात्री सपाट जागेवर गाडी लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा खाली आला असेल तर तिथे हवा गळतेय. गाडी वर घेऊन, स्टँडवर नीट टेकवून, रबरी बॅगवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. गेल्या पावसाळ्यात एका गाडीच्या मागच्या उजव्या बॅगेत, अगदी खालच्या घडीत, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. मालकाने दोन महिने तसंच चालवलं होतं. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, सारखा पळत राहिला आणि शेवटी जळला. बॅगेच्या खर्चात भागलं असतं, कॉम्प्रेसरचा भुर्दंड वर बसला. कॉम्प्रेसर बदलताना हवेतली ओल शोषणारा ड्रायरही बदलाच. आपल्या दमट हवेत ओला झालेला ड्रायर व्हॉल्व्हपर्यंत पाणी पोचवतो.

हात जोडून सांगतो, जॅक लावण्याआधी गाडीच्या मेनूमधून जॅक मोड चालू करा, म्हणजे कंप्युटर उंची आपोआप बदलणार नाही, आणि स्टँड नसताना गाडीखाली जाऊ नका. चाक आणि मडगार्डच्या फटीत हातही घालू नका. कंप्युटर हवा सोडतो तेव्हा गाडी न सांगता खाली येते.

सेन्सर किंवा बॅग बदलल्यावर स्कॅनर लावून उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे योग्य उंची कोणती ते कंप्युटरला नव्याने कळतं. ते राहिलं तर नवा भाग टाकूनही गाडी वाकडीच उभी राहते आणि दोष मात्र भागाला लागतो.

फेरीबोटीने जाणाऱ्यांनी उंची वाढवायचं बटण रांगेत उभं असतानाच दाबावं. कॉम्प्रेसरला हवा भरायला वेळ लागतो. ऐन रॅम्पवर दाबलं तर पुढचा बंपर घासून मोकळा होतो.