कुळाचं चिन्ह ‘रजिस्टर’ करायला निघालात? या चुका टाळा

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत सध्या कुलवृत्तांताची हवा आहे. पणजोबा कोणाबरोबर आले, इनाम कुठे होतं, वाडा कुणी विकला, हे सगळं जमवून पुस्तक तयार होतं आणि छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की मुखपृष्ठावर आपलं चिन्ह हवं. मग मंडळी दांडिया बाजारातल्या माझ्या टेबलापाशी येतात. मी ट्रस्ट आणि ट्रेडमार्कची कागदपत्रं करतो. वाक्य ठरलेलं असतं: “आमच्या कुळाचा कोट ऑफ आर्म्स रजिस्टर करून द्या. सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट पाहिजे.”

कोट ऑफ आर्म्स म्हणजे युरोपीय धर्तीचं, ढालीवर काढलेलं घराण्याचं चिन्ह. त्याचं असं सर्टिफिकेट भारतात कुणीच देत नाही. इथून पुढच्या बहुतेक चुका हे ठाऊक नसल्यामुळे होतात.

देणारं दफ्तर शोधत बसणं

इंग्लंडमध्ये असं दफ्तर आहे. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ साली स्थापन झालं आणि आजही राजाच्या अधिकाराने माणसांना आणि संस्थांना चिन्हं देतं. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन, म्हणजे तिथले चिन्हांचे प्रमुख अधिकारी, यांचं न्यायालय आहे. तिथे १६७२ च्या कायद्यानुसार जाहीर नोंदवही ठेवतात आणि नोंद नसलेलं चिन्ह मिरवणं हा चक्क गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेने १९६२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला, तर कॅनडाने १९८८ मध्ये आपलं प्राधिकरण उभं केलं. आपल्याकडे यातलं काहीही नाही. राज्यघटनेच्या कलम १८ ने सरकारी किताब बंद केले. चिन्ह म्हणजे किताब नव्हे हे खरं, पण ते देणारी यंत्रणा प्रजासत्ताकाने उभारलीच नाही.

यावर हमखास प्रश्न येतो: “मग सरकारवाड्याला, म्हणजे गायकवाडांना, कुणी दिलं?” १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली. त्यांवरची चिन्हं बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने युरोपीय धर्तीवर बेतली होती. दोनच वर्षांपूर्वी दत्तक आलेले बाल सयाजीराव त्या दरबाराला हजर होते. पण गायकवाडी तांब्याचं नाणं हातात घेऊन पाहा. त्यावर घोड्याचा खूर आणि वाकडी तलवार असते. खंडेरावांच्या नाण्यांवरही ती आहेत आणि खंडेराव १८७० सालीच वारले होते. म्हणजे साहेबाची ढाल यायच्या आधीपासून आपली खूण चालू होती, ती कुठे नोंदवायला गेलं नव्हतं.

मराठी राज्यातली शिक्क्याची रीत तर आणखी वेगळी होती. बाजीरावाचा शिक्का ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असा सुरू होतो आणि ‘बाजीराव बल्लाळ मुख्यप्रधान’ हे त्यानंतर येतं. शिक्का हुद्द्याचा असे, घराण्याच्या कौतुकाचा नव्हे. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांकडे शिक्का होता’ हे खरं असलं तरी तो आज तुमचा लोगो ठरत नाही.

आडनावावरून चिन्ह विकत घेणं

माझ्या एका चुलतभावाने परदेशातून फ्रेम केलेलं सर्टिफिकेट पाठवलं होतं. आमच्या आडनावाचा म्हणे शेकडो वर्षांपूर्वीचा कोट ऑफ आर्म्स. त्यावर निळी ढाल, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आणि खाली लॅटिन वाक्य. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आणि त्या गावात लॅटिन जाऊ दे, पक्का रस्तासुद्धा उशिरा आला. आईने ते बरेच दिवस हॉलमध्ये लावून ठेवलं होतं, पाहुणे विचारायचे म्हणून.

ज्या इंग्लंडच्या नावाने हा माल विकला जातो तिथेही आडनावाला चिन्ह नसतं. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. त्याच आडनावाच्या शेजाऱ्याचा त्यावर काडीचाही हक्क नसतो. असं सर्टिफिकेट घेऊन झालं असेल तर भिंतीवर राहू द्या. लेटरहेडवर मात्र छापू नका, कारण ती ढाल खरोखरच कुणाच्या तरी मालकीची असू शकते.

लेस्टरला किंवा लंडनला असलेला तुमचा पुतण्या ब्रिटिश नागरिक असेल तर तो रीतसर अर्ज करू शकतो. अर्ज कॉलेज ऑफ आर्म्सवर देखरेख करणारे अर्ल मार्शल, म्हणजे ड्यूक ऑफ नॉरफोक यांच्या नावे जातो. फी सणसणीत असते आणि नकार मिळू शकतो. आणखी एक: मंजुरीची सनद परंपरेने वासराच्या कमावलेल्या कातड्यावर रंगवतात. देवघराशेजारच्या भिंतीवर लावायचा बेत असेल तर घरातल्या ज्येष्ठांना आधी विचारलेलं बरं.

चार सिंहांना हात लावणं

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात जास्त ही चूक असते आणि ती भले भले करतात. निवृत्त झालेल्या माझ्या मामांनी व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. नाव, त्याखाली ‘निवृत्त’ आणि वर सोनेरी सिंह. तीस वर्षं त्या चिन्हाखाली सह्या केल्या, आता ते काढू कसं, असं त्यांचं म्हणणं. भावना समजते, पण नियमाला समजत नाही.

सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेलं आपलं राजचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलं गेलं. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २००७ चे नियम आहेत. कायद्याच्या मूळ मजकुरात दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद होती. सिंह वापरून गैरफायदा उकळला असेल तर कैद किमान सहा महिन्यांची. नियमांत माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, माजी न्यायाधीश आणि निवृत्त सरकारी अधिकारी असे सगळे नावानिशी मोजून बाहेर ठेवले आहेत. बिगरसरकारी संस्था, आणि परवानगी नसलेल्या नगरपालिका, पंचायती, विद्यापीठं यांनाही हे चिन्ह वापरता येत नाही. ज्याला अधिकार आहे त्यानेही सिंहांच्या कागदावर आपल्या नावापुढे ‘अ‍ॅडव्होकेट’, ‘संपादक’ किंवा ‘चार्टर्ड अकाउंटंट’ छापायचं नाही.

नावात ‘मानवाधिकार’ किंवा ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ घेऊन सिंहांची ओळखपत्रं वाटणाऱ्या संघटना तुम्ही पाहिल्या असतील. पैसे भरून असं कार्ड घेतलं असेल तर ते खिशात ठेवून टोलनाक्यावर दाखवू नका, एवढंच सांगतो.

यातून लोक पळवाटा काढतात. ‘सत्यमेव जयते’ गाळायचं, समोरून दिसणारे सिंह तीनाऐवजी दोन दाखवायचे किंवा चक्राच्या जागी कुलदैवत बसवायचं. याने काम बिघडतं. राजचिन्हाची ओळख पटेल अशी नक्कलही कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय असं चिन्ह असलेला ट्रेडमार्क किंवा डिझाइन नोंदवायला कायद्यानेच मनाई आहे. सिंह हवाच असेल तर एकच, बाजूने दिसणारा, आपल्या धाटणीचा काढून घ्या. सिंहावर सरकारची मक्तेदारी नाही.

महाराजांचं नाव आणि चित्र

हे वाचून काहींना राग येईल. १९५० चा बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा आहे, त्याला परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात संयुक्त राष्ट्रसंघ, राष्ट्रध्वज, राज्यांची शासकीय चिन्हं यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू यांचीही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी, व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये ती वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सूट आहे, तीही फक्त छापणाऱ्याचं आणि तयार करणाऱ्याचं नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तर.

शिवजयंतीला घरात किंवा मंडळात तसबीर पूजली, त्याच्याशी या कायद्याचं देणंघेणं नाही. अडचण येते ती केटरिंगच्या फर्मला किंवा जिमला महाराजांचा चेहरा लोगो म्हणून लावल्यावर. अष्टकोनी राजमुद्रा लावू का, असंही विचारतात. त्या मुद्रेत ‘शिवस्यैषा’ असं महाराजांचं नाव आहेच. मी तरी कुणाला तिच्यावर अर्ज टाकायचा सल्ला देत नाही.

याच परिशिष्टात सरकारी आश्रयाचा भास होईल अशी नावंही येतात. म्हणून ‘राष्ट्रीय कुलचिन्ह नोंदणी परिषद’ छापाच्या कुणी प्रमाणपत्र देऊ केलं तर नावावरूनच सावध व्हा.

ट्रस्ट झाला म्हणजे चिन्हही झालं असं धरणं

कुलमंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलं, घटनेच्या कागदावर वर कोपऱ्यात चिन्ह छापलं, आता ते आपलंच. नाही. त्या नोंदणीने संस्था उभी राहते, चित्राला संरक्षण मिळत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

ट्रेडमार्क हा माल किंवा सेवा यांच्यासाठी असतो. नुसती प्रतिष्ठा नोंदवता येत नाही. मंडळ व्याख्यानं, वर्ग, सांस्कृतिक कार्यक्रम करत असेल तर वर्ग ४१ मध्ये अर्ज होतो (ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे असे क्रमांकवार वर्ग पाडलेले आहेत). आपल्याला अहमदाबादचं कार्यालय लागू आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. व्यक्तीला प्रत्येक वर्गासाठी साडेचार हजार रुपये फी आहे, ट्रस्टला नऊ हजार. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

कॉपीराइट चित्र काढलं त्या क्षणी निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, फक्त पुराव्याला बळ येतं. खरी गफलत मालकीत होते. भाच्याच्या मित्राने कोरलड्रॉवर चिन्ह काढलं, तुम्ही त्याला दोन हजार दिले आणि धरून चाललात की चिन्ह तुमचं. उद्या तो म्हणाला की नाही, तर वाद घालत बसाल. हक्क लेखी घ्यावा लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुदत. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती फक्त पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी असे कितीतरी कागद पाहिलेत, छान स्टॅम्प पेपरवर, आणि मुदतीचा शब्दही नाही. ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असं स्पष्ट लिहून घ्या.

गायकवाडी चिन्ह ‘आता कुणाचंच नाही’ असं समजणं

१९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. त्यावरून लोक ठरवतात की गायकवाडांचं चिन्ह आणि त्यावरचं ‘जिन घर, जिन तख्त’ हे ब्रीद आता हॉटेलच्या मेन्यूवर छापायला मोकळं. मान्यता गेली म्हणजे वापर थांबला असं होत नाही. जे चिन्ह कुणी आजही वापरतं, ते उचलून आपल्या नावावर नोंदवायला गेलात तर आधीपासून वापरणारा हरकत घेऊ शकतो. इंग्लंडमध्ये तर एका नाट्यगृहाने मँचेस्टर शहराचं चिन्ह आपल्या पडद्याच्या झालरीवर आणि शिक्क्यावर वापरलं, म्हणून १९५४ साली चिन्हांचं खास न्यायालय पुन्हा भरवावं लागलं. ते त्याआधी १७३७ मध्ये बसलं होतं.

अर्ज अडकला असेल तर

ट्रेडमार्कच्या अर्जाच्या स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की फोन येतो, “कुणी केस केली?” कुणीही नाही. तो कार्यालयाचाच प्रश्न असतो. तपासणी अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचं. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. ‘अपोज्ड’ दिसलं तर मात्र खरंच कुणीतरी समोर उभं आहे. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापल्यापासून चार महिन्यांत कुणालाही विरोध करता येतो. त्याची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दाखल करायचं. ही मुदत चुकली की अर्ज गेला.

चित्राचा शोध नावाने घेऊ नका. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात व्हिएन्ना कोडचा, म्हणजे चित्रांच्या प्रकारांना दिलेल्या क्रमांकांचा, पर्याय असतो. ढालीसाठी २४.१, तलवारीसाठी २३.१, सिंहासाठी ३.१. अर्जाआधी अर्धा तास यात घालवला तर पुढचं बरंच टळतं. आणि नोंदणी होईपर्यंत चिन्हाशेजारी ‘टीएम’ लिहा. गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, आधीच लावला तर तो खोटा दावा ठरतो.

ज्या कुटुंबाच्या पुस्तकावरून हे लिहायला बसलो, त्यांनी शेवटी ढाल, तलवार, सिंह सगळं सोडलं. त्यांचं देवक पंचपल्लव. घरातल्या प्रत्येक लग्नात ती पाच झाडांची पानं पुजली जातात, पण मुखपृष्ठासाठी ती कुणाला सुचली नव्हती. फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या नातीने पाच पानांचं साधं रेखाटन करून दिलं. मी तिच्याकडूनही हस्तांतरणाचा कागद लिहून घेतला. मुदतीच्या जागी तिने ‘आजी सांगेल तोपर्यंत’ असं लिहिलं होतं. ते खोडायला लावलं, शेजारी तिची छोटी सही घेतली आणि पूर्ण मुदत लिहिली. पुस्तक आता छापखान्यात आहे.