पावसाळ्यात जॉब पॅक करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतून मशिनिंग झालेला माल रोज पुण्या-मुंबईकडे निघतो. जून ते सप्टेंबर या काळात त्यातली काही खोकी गंज चढून परत येतात. खोकं उघडलं की पहिलं बोट ट्रान्सपोर्टवाल्याकडे जातं, ताडपत्री नीट बांधली नसेल म्हणून. पण पुठ्ठा कोरडा, टेप शाबूत आणि आतला जॉब, म्हणजे मशिनिंग झालेला सुटा भाग, लाल असेल, तर बाहेरून पाणी आलेलंच नाही. ते पॅकिंगच्या टेबलावर पिशवीत भरलं गेलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गरम किंवा ओलसर जॉब पिशवीत बंद करणं.

घडतं ते असं. जुलैतला शनिवार, संध्याकाळची वेळ. जॉब वॉशिंग मशीनमधून निघाले तेव्हा ५०-६० अंशांवर आहेत. "मामा, गाडी लागली, आवरा लवकर," अशी हाक येते आणि हाताला चटका देणारा जॉब तसाच पिशवीत जातो. वरून तो कोरडा दिसतो, कारण गरम पृष्ठभागावरचं पाणी उडालेलं असतं. पण ब्लाइंड होलमध्ये (आरपार न गेलेल्या भोकात), आट्यांच्या तळाशी आणि आडव्या ऑइल होलमध्ये थेंब तसेच असतात. पिशवी सील झाली की त्यांची वाफ आतल्या हवेत मिसळते. रात्री गाडी चालू लागली की पिशवीचं प्लास्टिक आधी गार पडतं, त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ओघळून खाली साचतं. सोमवारी चाकणला खोकं उघडेपर्यंत बिडाच्या ताज्या मशिन केलेल्या फेसवर, म्हणजे सपाट पृष्ठभागावर, गंजाची रेघ उठलेली असते. बाहेरच्या अंगावर असेल तर ती घासून काढता येते. सीलिंग फेसवर किंवा बोअरमध्ये (आतल्या गोल भोकात) असेल तर घासल्याने माप जातं आणि जॉब भंगारात निघतो. दोन तास थांबायला नको म्हणून अख्खा लॉट गमावणं हा कसला हिशेब?

उपाय सोपा आहे, फक्त वेळ मागतो. धुतलेला जॉब आधी हवेच्या गनने झाडायचा, प्रत्येक भोकात नोझल घालून. त्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून साठलेलं पाणी सोडायचं. पावसाळ्यात हे दर पाळीला करावं लागतं, नाहीतर हवेबरोबर पाण्याचाच फवारा जॉबवर बसतो. मग जॉब जाळीच्या रॅकवर, एकमेकांना न टेकता, पंख्याखाली ठेवायचे. पाच-सात किलोच्या कास्टिंगला दोन-तीन तास सहज लागतात. हात लावून अंदाज घेऊ नका, पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा. चकचकीत मशिन केलेल्या फेसवर तो खोटा आकडा दाखवतो, त्यामुळे जॉबचा कास्ट राहिलेला खडबडीत भाग मोजा. जॉब आणि खोली यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पिशवीला हात लावायचा नाही. त्यानंतर आरपी ऑइल (गंज रोखणारं तेल), आणि तेलाचा थेंब गळायचा थांबेपर्यंत निथळणं. निथळू दिलं नाही तर तेल खोक्याच्या तळात मुरतं आणि तळ बसतो.

उघडा हात हा दुसरा शत्रू. घामात मीठ असतं आणि बोटाचा ठसा आठवड्याभरात जॉबवर जसाच्या तसा लाल उमटतो. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोजे घाम शोषतात आणि तोच घाम जॉबला देतात.

व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणाऱ्या, कागदाबद्दलही फार गैरसमज आहेत. हा कागद गंज खात नाही, पाणीही पीत नाही. त्यातून निघणारी वाफ बंद जागेत पसरून धातूवर पातळ थर धरते, एवढंच त्याचं काम. म्हणून पिशवीचं तोंड उघडं राहिलं तर कागद असून नसल्यासारखा. लेप असलेली बाजू जॉबकडे हवी. कागद आणि जॉब यांच्यामध्ये दुसरी पिशवी किंवा वर्तमानपत्र नको. कुठलाही पृष्ठभाग कागदापासून साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा लांब राहू नये, त्यामुळे मोठ्या पेटीत मधल्या थरांतही कागद घाला. वाफ भरायला काही तास लागतात, म्हणून सील केलेला लॉट एक रात्र गोडाऊनमध्ये राहू द्या आणि मग गाडीत चढवा. जॉबमध्ये पितळी बुश असेल तर लोखंडापुरता बनवलेला कागद चालत नाही. अनेक धातूंना चालतो असं लिहिलेलाच मागवा. आणि रोल वापरून झाला की परत त्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा. महिनाभर टेबलावर उघडा पडलेला रोल म्हणजे साधा खाकी कागद.

सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या सकाळी ताटात ओतून संध्याकाळपर्यंत वापरणं बंद करा. दुपारपर्यंत त्यांनी खोलीतलीच ओल पिऊन घेतलेली असते. निळे दाणे गुलाबी किंवा केशरी दाणे हिरवे झाले की त्या पुडीचा उपयोग संपला. सुटे दाणे १२० अंशांच्या आसपास भाजून पुन्हा वापरता येतात, प्लास्टिकच्या पुड्या मात्र ओव्हनमध्ये घालू नका.

वर्तमानपत्रात जॉब गुंडाळू नका. बस.

आता दुसरी मोठी चूक. स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक) मालाला गुंडाळली जाते, पॅलेटला, म्हणजे खालच्या लाकडी चौकटीला, नाही. खोक्यांभोवती आठ-दहा फेरे मारलेले, वरून ठोकलं तर टणक लागतं, आणि पॅकिंगवाला खूश. पण फिल्मचा शेवटचा फेरा पॅलेटच्या फळीपाशी थांबलेला असतो. म्हणजे खोकी एकमेकांना बांधली गेली, पॅलेट मात्र खाली मोकळाच राहिला. पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे एक कचकचीत ब्रेक लागला की ते सगळं एकसंध बांधलेलं वजन पॅलेटवरून पुढे सरकतं. खोकी सुटी असती तर एखाददुसरं पडलं असतं. इथे आठशे किलो एकदम जातं, पुढच्या पॅलेटवर आदळतं आणि खालच्या थराची खोकी चिरडते. उतरवायला गेलेल्या हमालाच्या अंगावर माल येतो तो बहुतेक अशाच पॅलेटवरून. माल सुरक्षित राहण्याआधी माणूस सुरक्षित राहायला हवा.

फिल्म अशी लावा. रोल ५०० मिलिमीटर रुंद, २३ मायक्रॉनचा. टोकाला पीळ देऊन दोरी करायची आणि ती पॅलेटच्या ठोकळ्याला गाठवायची. मग तळाशी तीन-चार फेरे, असे की निम्मी फिल्म पॅलेटच्या लाकडावर आणि निम्मी पहिल्या थरावर बसेल. फोर्कलिफ्टचे काटे शिरायची जागा तेवढी मोकळी ठेवा. वर चढताना प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा येऊ द्या. माथ्यावर दोन-तीन फेरे, त्यातली थोडी फिल्म वरच्या खोक्याच्या कडेवरून आत वळवलेली. मग पुन्हा खाली या आणि तळाशीच संपवा. फिल्म ताणूनच लावायची, तिची सगळी पकड ताणात आहे. सैल फिल्मचे पंधरा फेरे मारले तरी माल हलतो. मशिन केलेले जॉब जड असतात, त्यांना फिल्म एकटी पुरत नाही. पॅलेटच्या फळीखालून घेतलेल्या पीईटी (प्लास्टिकच्या) पट्ट्या, दोन उभ्या आणि दोन आडव्या, आणि पट्टी जिथे वळते तिथे पुठ्ठ्याचा कोपरा. कोपरा नसला तर पट्टी खोकं कापते, मग सैल पडते.

ब्रेकच्या वेळी पुढे ढकलणारा जोर केवढा असतो? युरोपातल्या मानकात तो मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. एक टनाचा पॅलेट असेल तर पुढच्या बाजूला ८०० किलोचा धक्का सोसेल अशी व्यवस्था हवी. म्हणून पहिला पॅलेट केबिनच्या बाजूच्या फळीला टेकवूनच लावा. मधे फटी राहिल्या तर त्यात रिकामे पॅलेट उभे घाला. थर्माकोलचे तुकडे तिथे टिकत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. खोक्याची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. खोकं पॅलेटबाहेर बोटभर लोंबलं की ते कोपरे हवेत राहतात आणि बरीच ताकद जाते. विटांच्या बांधकामासारखी एकावर एक आडवी-उभी रचली तर कोपरा कोपऱ्यावर बसत नाही, म्हणून जड माल सरळ खांबासारखाच रचा. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. उन्हाळ्यात पाच थर पेललेलं खोकं जुलैत तीनही पेलेल की नाही, सांगता येत नाही. जड जॉबला सात प्लायचं, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याचं, खोकं घ्या, तीन प्लायमध्ये पैसे वाचत नाहीत.

ओल्या लाकडाचे पॅलेट घेऊ नका. गिरणीतून आदल्या दिवशी कापून आणलेल्या फळ्यांतली ओल थेट पिशवीशेजारी बसते. ओल २० टक्क्यांच्या आत हवी, मीटरची सुई टोचून बघा. परदेशी जाणाऱ्या मालाला तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिल्याचा शिक्का लागतो. शिक्का नसलेला पॅलेट बंदरावर अडतो.

गोडाऊनमध्ये माल भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीवरून पॅलेटवर. पत्र्याच्या छताला पहाटे आतून घाम सुटतो, त्यामुळे वरचा थर झाका, पण कडेने हवा खेळू द्या. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्यांनाही हेच लागू. खळीचं कापड दमट असताना प्लास्टिकमध्ये बंद केलं की बुरशी धरते.

ताडपत्री दोन तुकड्यांची असेल तर मागचा तुकडा आधी टाका, पुढचा त्याच्यावर. उलट केलं तर धावत्या गाडीचा वारा पावसाला सांध्यातून आत ढकलतो.

माल परत आलाच, तर भांडायच्या आधी गंज वाचा. बोटांच्या आकाराचा असेल तर उघडे हात. भोकांभोवती वर्तुळ असेल तर पाणी झाडलं नव्हतं. पिशवी जिथे टेकली तिथेच रेघ असेल तर गरम पॅकिंग. फक्त खालच्या थरात असेल तर लाकूड किंवा फरशी, फक्त वरच्या थरात असेल आणि पुठ्ठ्यावर डाग असेल तर मात्र ताडपत्री किंवा छत. प्रत्येक लॉटमधलं एक खोकं, तसंच सील केलेलं, तारखेसह आपल्या गोडाऊनमध्ये महिनाभर ठेवा. तक्रार आली की ते उघडा. त्यातला जॉबही लाल असेल तर चूक टेबलावर झाली, तो स्वच्छ असेल तर वाटेवर.